पायाची वाळू

अक्षय्यतृतीयेच्या जत्रेला अकरा दिवस उरले होते तेव्हा तानाजी पुजारी धोंडुबाईच्या वाघरीपाशी, मेंढरं कोंडायच्या जाळीपाशी, आला. आला तो पायातलं पायताण लांब काढून आला. एवढ्यावरनंच धोंडुबाईनं ओळखलं, की हा बाबा काहीतरी मागायला आलाय. काही सांगायला यायचा तेव्हा तानाजी पायताणासकट यायचा.

"धोंडाक्का, पोरगी कुठं हाय?"

"कंची? मला एकच हाय."

"तीच की."

राणी वाघरीच्या जाळीआड बसून एका लंगड्या मेंढीचा खूर कोरत होती. मेंढी गुडघ्यांत आवळलेली, चाकू दातांत, आणि अंगठ्यानं खुराच्या फटीतली घाण बाहेर. चौसष्ट मेंढरांतल्या नऊंचे खूर कुजले होते, ही सातवी. तिनं चाकू दातांतून काढला, "बसा तात्या," म्हणाली आणि परत धरला.

तानाजी बसला. बेचाळीस वर्षांचा, पोट पुढं आलेला, पिकअप चालवणारा माणूस. गेल्या आषाढात त्याचा चुलता मायाप्पा पुजारी वारला आणि चिंचखडीच्या बिरोबाची पूजा तानाजीकडं आली. पूजेत अवघड काही नव्हतं. पाणी घालायचं, भंडारा लावायचा, रविवारी नारळ फोडायचे. अवघड होती ती भाकणूक. जत्रेदिवशी दुपारी देवळापुढच्या धोंड्यावर उभं राहून पुजाऱ्यानं येणारं साल सांगायचं. पाऊस किती, रोगराई कुठं, मेंढरांनी गावात राहायचं की परत नदीकाठ धरायचा. आटपाडीच्या अंगाची ही मेंढरं दिवाळीनंतर कृष्णेकडं उतरतात आणि जत्रेला गावी येतात. भाकणूक चांगली निघाली तर वाडे, म्हणजे मेंढरांचे तळ, इथंच राहतात. वाईट निघाली तर चार दिवसांत बिऱ्हाड पाठीवर.

"माझ्या अंगात येत न्हाई, राणे," तानाजी म्हणाला. "पाच रविवार बघतोय. भंडारा लावला की निस्त्या शिंका येत्यात."

"मायाप्पा आज्जाच्या तरी कुठं येत हुतं?"

तानाजीनं दचकून धोंडुबाईकडं बघितलं. धोंडुबाई शेळी पिळत होती. तिनं ऐकलंच नाही असं केलं.

गावाला वाटायचं की देव मायाप्पाच्या तोंडानं बोलतो. मायाप्पानं तसं कधी म्हटलं नव्हतं. तो म्हणायचा, "देव रानात बोलतो. मी निरोप आणणारा." जत्रेआधी दहा दिवस तो रान हिंडायचा. कावळ्यानं घरटं आंब्यावर बांधलंय की बाभळीवर, बिब्याला फळ किती धरलंय, मुंग्या अंडी घेऊन कुठल्या अंगाला निघाल्यात. आणि सगळ्यांत शेवटी टिटवी. टिटवीनं उंच बांधावर अंडी घातली तर पाणी जोराचं. ओढ्याच्या पोटात घातली तर साल कोरडं. हे सगळं डोक्यात भरून तो धोंड्यावर चढायचा.

दहा वर्षांपूर्वी काचबिंदूनं त्याचे दोन्ही डोळे गेले. तेव्हा राणी अकरा वर्षांची होती आणि गावात तिच्याएवढी हिंडणारी दुसरी पोर नव्हती. मायाप्पानं तिला हाक मारली. तिनं हिंडायचं, बघायचं, येऊन सांगायचं. एक रीत मात्र त्यानं घालून दिली होती. ती परत आली की देवळाच्या कट्ट्यावर तिला बसवायचा, खाली वाकून तिच्या तळपायाला तीन बोटं लावायचा आणि ती बोटं कपाळाला.

"आवं आज्जा, पाप लागंल मला!" पहिल्यांदा ती पाय आखडून घेत ओरडली होती.

"तुझ्या पाया कोण पडतंय गं? तू गेलीस त्या मातीच्या पडतोय."

तर आता तानाजीला राणी हवी होती. पाच दिवस रान हिंडायला. धोंडुबाईनं दुधाचं भांडं खाली ठेवलं.

"आन् बकरी कोण राखंल?" मेंढरांना ती बकरीच म्हणायची.

"सिद्धू हाय की."

"सिद्धू पळतोय," धोंडुबाई म्हणाली.

तेही खरंच होतं. राणीचा धाकटा भाऊ सिद्धू पोलीस भरतीसाठी पहाटेपासून पळत होता. सोळाशे मीटरला पाच मिनिटं दहा सेकंद लागत होते, त्यातले वीस सेकंद कमी करायचे होते. ग्राउंड पाच जूनला सांगलीत. बाप जाऊन सहा वर्षं झालेली. मेंढरांमागं माणसं तीनच, त्यांत धोंडुबाईचे गुडघे धरलेले. वाडा नदीकाठी गेला तर सिद्धूला जावं लागणार आणि भरती हुकणार. वाडा इथं राहिला तर सगळंच भागणार. म्हणून या साली भाकणुकीकडं सगळ्यांत जास्त डोळे लावून जर कोण बसलं असेल, तर ते हे घर.

"जा," धोंडुबाई म्हणाली. "पण चांगलं बघून ये."

बघून ये म्हणाली, की चांगलं तेच बघून ये म्हणाली, हे राणीनं विचारलं नाही.

*

पहिले तीन दिवस तानाजी पिकअप घेऊन आला. राणीनं दोनदा सांगितलं की गाडीतनं मुंग्या दिसत नाहीत. तिसऱ्या दिवशी डिझेल संपलं तेव्हा त्याला ते पटलं.

रान भाजून निघालं होतं. पाय टाकला की मुरूम कुरकुरायचा. तानाजी दर शंभर पावलांवर थांबून पाणी प्यायचा आणि बाटलीकडं असं बघायचा जशी तीच दमलीये. कावळ्याची घरटी अकरा सापडली, आठ बाभळीवर. बिबा लगडलेला. दोन्ही खुणा वाईट. आंब्यावरची तीन घरटी बघून तानाजीला जरा हुशारी आली.

"तीन हाईत न्हवं? मग तीन तरी धर की."

"धरली. पण आठबी धरली."

चौथ्या दिवशी वाट अंजनाच्या घरावरनं गेली. अंजना राणीच्या वर्गातली, आता लग्न होऊन कराडला. घराला आता वरचा मजला चढला होता. त्या घरापुढनं जाताना राणीची चाल दर वेळी जलद व्हायची. तानाजीला वाटलं ऊन लागतंय.

सात वर्षांपूर्वी ती चौदा वर्षांची होती. जत्रेच्या आदल्या दिवशी टिटवी बघायला निघाली आणि वाटेत अंजनानं हाक मारली. अंजनाचा भाऊ सैन्यातनं सुट्टीवर आलेला, त्यानं जम्मूहून अक्रोड आणले होते, आणि घरात नवी पांढरी फरशी बसवली होती. "पाय धुऊन ये गं," अंजनाची आई म्हणाली, आणि साबण पुढं केला. राणीनं पाय धुतले, फरशीवर बसली, अक्रोड फोडत फोडत टीव्ही बघितला. दुपार कधी सरली कळलं नाही. मग सरळ डांबरी वाटेनं देवळाकडं गेली.

"बांधावर हाईत, आज्जा. चार अंडी."

मायाप्पा रोजच्यासारखा वाकला. तळपायाला तीन बोटं लावली. जरा थांबला.

"चार?"

"व्हय. चार."

त्यानं बोटं कपाळाला लावली. दुसऱ्या दिवशी धोंड्यावरनं सांगितलं, चार महिने पाणी, वाड्यांनी गाव सोडू नये.

मृग गेला, आर्द्रा गेल्या, आभाळाला घाम फुटला नाही. एकोणीस वाडे भर उन्हात परत नदीकडं निघाले. वाटेत चारा नाही, पाणी नाही. एकट्या धोंडुबाईची सतरा कोकरं मेली. एकेक कोकरू राणीनंच रस्त्याकडेला दगडाखाली झाकलं.

पुढच्या जत्रेला मायाप्पानं धोंड्यावर चढायच्या आधी पटका काढून ठेवला. "शबूद खोटा गेला," तो म्हणाला. "दोष माझा." आणि पंच्याहत्तर वर्षांचा तो म्हातारा देवळाला लोटांगणाचे सात वेढे घालायला जमिनीवर आडवा झाला. वैशाखातली दुपार, खाली तापलेले खडे. राणी त्याच्या पुढं पुढं चालत काटे, काचा, बाटल्यांची टोपणं वेचत होती, कारण डोळे तिचे होते. सात वेढ्यांत ती वाट बघत राहिली, की आता आज्जा आपलं नाव घेईल. त्यानं घेतलं नाही. त्या संध्याकाळी नाही, आणि पुढं कधीच नाही. नंतरच्या पाच जत्रांना तिनं एकेक खूण दोनदोनदा बघितली, हात लावून बघितली. पण सांगायचं ते राहूनच गेलं आणि आषाढात मायाप्पा गेला.

पाचव्या दिवशी टिटवी सापडली. ओढ्यात.

आधी तिचा आरडाओरडा ऐकू आला, मग ती डोक्यावर घिरट्या घालायला लागली. राणीनं चपला काढल्या आणि पांढऱ्या वाळूतनं हळूहळू पुढं गेली. ओढ्याच्या अगदी पोटात, खड्यांच्या खळग्यात, खड्यांसारखीच ठिपक्यांची अंडी. तीन.

तानाजी काठावरच्या दगडावर बसला. बराच वेळ गुडघे चोळत राहिला.

"राणे, ह्याला वढाच म्हणत्यात न्हवं?"

"मग काय म्हणत्यात?"

"न्हाई, हितनं थोडं उंच वाटतंय."

राणी हसली नाही. तानाजीलाही हसू आलं नाही.

*

देवळापाशी आप्पासो उभा होता. देवस्थान कमिटीचा अध्यक्ष, डाळिंबाचा बागाईतदार, पांढऱ्या कपड्यांवर सिमेंटचा एक थेंब पडला तरी चालत नसे, म्हणून बांधकामापासून चार हात लांब राहून बांधकाम बघणारा. सभामंडपाचे खांब उभे होते, सळया वर निघालेल्या. स्लॅब मृगाच्या आत टाकायचा होता आणि तो श्रमदानातनं. श्रमदान करणारे हात सगळे मेंढरांवाल्यांचे. म्हणजे वाडे गेले की हात गेले.

"काय म्हणती टिटवी?" त्यानं तानाजीला विचारलं.

"बघतोय अजून."

"बघ बाबा. पण देव काय म्हणतो ते देवळाला बघून म्हणू दे. त्याचंच घर बांधतोय आपण." मग तो राणीकडं वळला. आवाज गोड केला. "बाय, तू हुशार हाईस. म्हातारा डोळ्यानं अधू हुता, त्याला जसंच्या तसं सांगायला लागायचं. तानाजीला दिसतंय. त्याचं तो बघंल. तू दमू नगंस."

राणी म्हणाली, "दमत न्हाई मी."

जेवणवेळी घरात तेच. धोंडुबाईनं भाकरी थापता थापता एकदाच विचारलं, "कुठं?" आणि राणी म्हणाली, "वढ्यात." तव्यावरची भाकरी त्या साली पहिल्यांदा करपली.

"आक्के," सिद्धू म्हणाला, "निस्तं बांधावर म्हण. एक शबूद."

"आन् वाडं हितं राहिलं आन् पाऊस न्हाई आला तर?"

"आला तर?"

"तिच्या शब्दानं व्हय पाऊस पडतोय?" धोंडुबाई तव्याकडं बघत म्हणाली. "पडायचा तर पडंल, न्हाई तर न्हाई. पण ह्याचं वय एकोणीस हाय. पुढची भरती कवा निघंल कुणाला ठाव. बापाच्या मागं ह्याला कोण हाय?"

"मी हाय की."

"तूच हाईस म्हणून तर सांगतोय," सिद्धू म्हणाला. त्याचा आवाज फाटला, आणि तो ताटावरनं उठला. अर्धी भाकरी तशीच राहिली. ती राणीनं खाल्ली. तिला भूक नव्हती, पण टाकवत नव्हती.

*

कोकरं मेली त्या सालानंतर मायाप्पानं आणखी एक रीत घातली होती. जत्रेदिवशी सकाळी टिटवी पुन्हा एकदा बघायची. रात्रीत काय बदललं असेल सांगता येत नाही, म्हणायचा.

राणी दिवस उगवायला ओढ्याकडं निघाली. बांधावर सिद्धू उभा होता. पळून आलेला, बनियन घामानं अंगाला चिकटलेली, हातात टोपी उलटी धरलेली.

"बघ," तो म्हणाला.

बांधाच्या डोक्यावर, तांबड्या मुरमात त्यानं टाचेनं खळगा केला होता. खळग्यात तीन अंडी.

"मोज. हात लावून बघ पायजे तर. बांधावर हाईत का न्हाईत? आता जा आन् जे हाय ते सांग. खोटं बोलाय नगं आन् काय नगं."

राणी बघतच राहिली. अंडी त्यानं नीट ठेवली होती. टोकं आत, खाली बोटभर पालापाचोळा. टोपीतनं आणताना एकालाही चीर गेली नव्हती. एवढी निगा त्यानं कधी कोकरांची घेतली नव्हती.

"तू आणलीस?"

"बांधावर कशी आली ते सांगायची रीत हाय का? न्हाई न्हवं?"

तिला हसू आलं. तिकडं ओढ्यावर टिटवी वेड्यासारखी ओरडत होती. खळग्यावर उतरायची, उठायची, परत उतरायची.

"सिद्धू, ऊन चढलं की ही उकडतील."

"तीन अंडी, आक्के! मी तीन अंड्यांपरीस हलका हाय व्हय?"

ती खाली बसली आणि ओढणीच्या पदरात एकेक अंडं घ्यायला लागली. सिद्धूनं तिचं मनगट धरलं. धरताना धरलं, पण अंडी फुटतील म्हणून त्याला जोर करता येईना.

"तुला भावापरीस टिटवी मोठी झाली?"

"टिटवी न्हाई रं."

"मग कोण?"

तिनं शेवटचं अंडं पदरात घेतलं. सिद्धूनं मनगट सोडलं, टोपी झटकली, डोक्याला घातली आणि परत पळत निघून गेला. सरळ न जाता लांबच्या वाटेनं.

ओढ्यातला मूळचा खळगा शोधायला तिला वेळ लागला. सगळे खडे सारखेच. चपला बांधावर राहिल्या होत्या. वाळू आता तापत चालली होती. पाय ठेवला की उचलावा लागायचा. खळगा सापडला तो टिटवीच्या पायांच्या बारीक ठशांवरनं. अंडी होती तशी ठेवली आणि काठावरच्या करंजाखाली जाऊन बसली. टिटवी येईना. माणसाचा हात लागलेली अंडी ती टाकून देईल की काय, असं वाटायला लागलं. गावाकडनं ढोलाचा आवाज आला; धनगरी नाच नाचणारे गजी उभे राहिले होते. जत्रा भरली होती. राणी उठली नाही.

करंजाची सावली आखडत बुंध्यापर्यंत आली तेव्हा टिटवी उतरली. चार पावलं चालली, थांबली, मान वाकडी करून आभाळाकडं बघितलं. मग खळग्यावर पोट टेकलं.

राणी उठली आणि पळत सुटली. चपला बांधावर आहेत हे देवळाजवळ गेल्यावर आठवलं.

*

देवळामागं तानाजी अंगावर कांबळं घेऊन, डोक्याला पिवळा पटका बांधून उभा होता. पटका तिसऱ्यांदा सुटला होता. पुढं चारेकशे माणसं, आप्पासो खुर्चीवर, धोंड्याला भंडारा फासलेला.

"कुठं हुतीस गं? जीव जायची पाळी आली."

"वढ्यात. तीन. तिथंच हाईत."

तानाजीनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि मग नजर खाली आणली.

"पाय म्होरं कर."

"तात्या, लोक बघत्यात."

"बघू देत."

तो वाकला, पोट आड येत होतं तरी वाकला. तिच्या तळपायाला तीन बोटं लावली. बोटांना पांढरी वाळू लागली, ती त्यानं भंडाऱ्यात बुडवून कपाळाला लावली. शिंक आली नाही.

"चुलत्यानं जाताना दोनच गोष्टी सांगितल्या," तो म्हणाला. "एक, देवाच्या दिव्यात हलकं तेल घालू नगं. दुसरी, पोरगी काय सांगती ते ऐकायच्या आधी तिचं पाय बघत जा."

राणीनं पाय खाली घेतला. सात वर्षं जे कुणाला विचारलं नव्हतं ते आता विचारायला लागणार होतं, आणि समोर ढोल वाजत होते.

"त्या सालीबी बघितलं हुतं त्यांनी."

"बघितलं हुतं. पायाला मातीचा कण न्हवता म्हणाला. साबणाचा वास येत हुता."

"मग बोललं का न्हाईत?"

"मीबी हेच इचारलं. म्हणाला, दोन डोळं देवानं नेलं. तिसरा एकदा खोटं बोलला म्हणून तोबी उपटून टाकू व्हय?" तानाजीनं पटक्याचं टोक खोचलं. "पण परत म्हणाला, त्यात माझंच चुकलं. पोरगी चुकली ती पोर हुती म्हणून. मी चुकलो ते कळून. म्हणून लोळलो, तिच्यासाठी न्हाई."

बाहेर कुणीतरी बिरोबाच्या नावानं चांगभलं म्हटलं. तानाजी निघाला. जाताना मागं वळून म्हणाला, "सिद्धूचं वाईट वाटतंय बघ मला." आणि धोंड्यावर चढला.

मायाप्पाचा आवाज घुमायचा. तानाजीचा पिकअपच्या खिडकीतनं माणसं बोलवावीत तसा निघाला. पण शब्द चुकले नाहीत.

"मृग हुलकावणी दील. आर्द्रा कोरड्या जातील. बकऱ्यानं परत नदीचा काठ धरावा. ज्याचं मन हितं अडकलंय त्यानं मन हितं ठिवावं आन् बकरी तिकडं न्यावीत."

शेवटचं वाक्य त्याच्या पदरचं होतं. खुर्चीवर आप्पासोनं एक पाय खाली घेतला आणि दुसरा वर घातला. एवढाच राग त्याला चारचौघांत दाखवता येत होता.

*

चौथ्या दिवशी वाडे निघाले. धोंडुबाईनं भांडी बांधता बांधता सिद्धूचं अंथरूण गाठोड्यात घातलं, ते राणीनं काढून बाहेर ठेवलं.

"त्यो ऱ्हाऊ दे. मी आन् तू जाऊ."

"दोघी? चौसष्ट बकऱ्यामागं? आन् तुला बघायला जतचं पाहुणं येणार हाईत जेठात, त्यांचं काय?"

"नदीकाठी या म्हणावं. बकरीबी बघत्याल."

पाहुणे आले नाहीत. त्यांनी दुसरीकडं बघितलं.

दोघी कराडच्या खाली हंबीरराव सुभेदारांच्या तुटून गेलेल्या उसाच्या रानात मेंढरं बसवून राहिल्या. दिवसभर मेंढरांमागं राणी, वाघर रोवायची राणी, पाणी आणायचं राणी. धोंडुबाई गुडघ्याला फडकं बांधून कोकरं सांभाळायची आणि जतच्या पाहुण्यांचा विषय दिवसाआड काढायची. राणीचा खांदा वाघरीच्या काठ्यांनी सोलवटला. हंबीरराव सकाळी फेरी मारायला यायचे, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी टाच आपटत.

"तुमच्या देवानं काय रिपोर्ट दिलाय?" ते विचारायचे.

"कोरडा."

"आमच्या मोबाईलनं चांगला दिलाय. बघू कोण पास होतंय."

मोबाईल पास झाला. सात जूनला सिद्धूचा फोन आला. चिंचखडीत तीन दिवस पावसाची झड लागलीये, ओढा दुथडी भरून चाललाय.

"टिटवीची पिल्लं?" राणीनं विचारलं.

पलीकडं पावसाचा आवाज. "चालाय लागली हुती. आधीच वर गेली. मी बघून आलो." मग म्हणाला, "ग्राउंड झालं. चार मिनिटं बावन्न." पुढं लेखीत दोन गुण कमी पडले. सध्या तो आप्पासोच्या डाळिंबावर औषध मारतो आणि पहाटे पळतो.

वाडे श्रावणात चिखल तुडवत परत आले. गावी गुडघाभर गवत वाया गेलेलं. आप्पासोचा स्लॅब टाकून झाला नव्हता. सळया गंजल्या होत्या. तो भेटेल त्याला सांगायचा, "खरं बोलणाऱ्यांनी गाव वणवण हिंडवलं बघा." आणि गंमत म्हणजे यात खोटं काहीच नव्हतं.

*

पुढची अक्षय्यतृतीया आली. राणी तानाजीबरोबर पाच दिवस हिंडली. या वेळी पिकअपशिवाय. जत्रेदिवशी दुपारी तानाजीनं पटका काढून धोंड्यावर ठेवला, सदरा काढला. उघडं पोट बघून मागं बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

"शबूद खोटा गेला," तो म्हणाला. "दोष माझा." आणि जमिनीकडं असं बघितलं जसं कुणी तिथं विहीर खणलीये.

"तात्या, थांबा." राणी पुढं आली. तिनं ओढणी कमरेला गच्च बांधली होती. "ह्या खेपंला मी."

"तू? तू तर जे हुतं तेच सांगितलंस."

"तुमी म्होरं चाला. खडं येचा."

आप्पासो खुर्चीतनं म्हणाला, "पोरीबाळींनी लोळायची रीत न्हाई हितं. शबूद पुजाऱ्याचा गेला."

"ह्यात माझाबी एक हाय," राणी म्हणाली. तानाजी तिच्याकडं बघत राहिला, आणि मग त्यानं सदरा परत अंगात घातला. त्याला कळलं होतं. बाकीच्यांना कळायची गरज नव्हती.

ती आडवी झाली. जमीन तव्यासारखी होती. पहिल्या वेढ्याला कोपर सोलवटलं, दुसऱ्याला पाठ. तानाजी पुढं वाकून खडे वेचत होता, पण त्याला चष्मा लागला होता आणि तो घरी राहिला होता.

"तात्या, डावीकडं. बाटलीचं टोपण ऱ्हायलंय."

"कुठं?"

"हातापाशी. आवं, दुसऱ्या हातापाशी."

चौथ्या वेढ्यापासून पुढं कुणीतरी आणखी एकजण वेचायला लागलं. तिला दिसले ते फक्त पळायचे बूट. तो सिद्धू होता. वेचलेले खडे टोपीत टाकत राहिला.

सात वेढे झाले. तिला उठवत नव्हतं. धोंडुबाई लंगडत आली, हाताला धरून तिला कट्ट्यावर बसवलं आणि पदरानं पाठीवरची माती झाडायला लागली. झाडता झाडता हळू आवाजात म्हणाली, "गेल्या सालापायी एवढं कशाला गं? त्यात तुझं काय चुकलं हुतं?"

"गेल्या सालापायी न्हवं, आये. कोकरं मेली त्या सालापायी."

धोंडुबाईचा हात थांबला. पुढं ढोल वाजत होते. तानाजी पटका बांधत तिच्या पायांशी येऊन उभा राहिला होता, नवं साल विचारायला. धोंडुबाईनं त्याला हातानं थोपवलं.

"पाठ वळीव हिकडं," ती राणीला म्हणाली. "अजून लय माती हाय."